मावशीची सही

माझी मावशी साताऱ्याला राहते. तिचे माहेर दापोली तालुक्यात, समुद्राजवळ. तिथल्या एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे जमिनीवर बंगले बांधायचे म्हणून दलाल आला. भावांनी हक्कसोडपत्र पुढे केले. मावशी एसटीने थेट सांगलीला माझ्याकडे आली. "तू कारकून माणूस. वाचून सांग."

सातबारा वाचला. भोगवटादार वर्ग २, महार वतनाची जमीन! वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. १९५९ साली वतने खालसा झाली, जमिनी रक्कम भरून परत मिळाल्या. बंगल्यांसाठी ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. शिवाय भरतीरेषेजवळच्या बांधकामावर १९९१ पासून बंधने आहेत. आणि वारसाकायद्याने आपल्या बौद्ध लेकींचाही भावाइतकाच हिस्सा आहे.

"मामावर कर्ज आहे रे," मावशी म्हणाली. मग गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आजानं मेलेली गुरं ओढली, गावाची दवंडी दिली, तेव्हा ही जमीन राहिली. मी एका सहीत सोडू?"

तिने सही केली नाही. मामा अजून अबोला धरून आहेत. त्यांच्या कर्जाचा हप्ता मात्र आम्ही मावसभावंडे मिळून भरतो.

बंधू-भगिनींनो, अंगठा उठवण्याआधी सातबारा वाचून घ्या.