उलुरूला प्रदक्षिणा घाला

मेलबर्न

चि. शर्वरी हिस,


मेच्या सुट्टीत तुम्ही सगळे ऑस्ट्रेलियाच्या मधोमध उभा असलेला उलुरूचा प्रचंड खडक बघायला जाताय हे वाचून फार बरं वाटलं. डिसेंबरात निघाली असतीस तर मी अडवलंच असतं. तेव्हा तिथे उन्हाळा, पारा चाळिशी ओलांडतो. मेमध्ये दुपार सुखाची जाते, पण सूर्योदय बघायला थंडीत उभं राहावं लागतं. सासूबाईंची शाल आणि मुलांच्या कानटोप्या हाताशी ठेव.

तुझ्या अद्वैतने विचारलंय, खडकावर चढायला किती वेळ लागतो? त्याला निघण्याआधीच नीट सांग, की वर चढायचं नाही. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद आहे. १९८५ साली याच तारखेला ही जमीन तिथल्या मूळच्या अनंगू लोकांना परत मिळाली होती. उंची ३४८ मीटर म्हणजे गड चढणाऱ्या पोराला काहीच वाटणार नाही. पण तिथे चढताना ३५हून अधिक माणसं गेली, आणि आपल्या भूमीवर आलेला पाहुणा दगावला याचं दुःख अनंगूंनी वर्षानुवर्षं सोसलं. शिवाय ती वाट त्यांच्या पूर्वजांची, पवित्र. बंदी आली ते योग्यच झालं.

प्रदक्षिणा मात्र जरूर घाला. पायथ्याची वाट सुमारे १० किलोमीटर, साडेतीन-चार तासांची, ब्रह्मगिरीच्या फेरीसारखी चढउताराची नाही. लांबून अखंड दिसणारा हा खडक जवळून किती वेगळा आहे, ते चालल्याशिवाय कळत नाही: गुहा, घळी, पावसाच्या पाण्याचे काळे ओघळ. खडक आतून राखाडी आहे. त्यातलं लोखंड गंजून वरचा थर तांबडा झालाय, हे मुलांना दाखव. सासूबाईंच्या गुडघ्यांना एवढं झेपणार नाही. त्यांना कुनिया वाटेने मुटिजुलू पाणवठ्यापर्यंत ने. सपाट, छोटी वाट आहे, चाकाची खुर्चीही जाते, आणि वाटेत गुहेतली जुनी चित्रंही बघायला मिळतात.

काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. गाभाऱ्यात आपण कॅमेरा बंद ठेवतो, तसंच समज. आणि मुलांचे खिसे तपास! आमच्या धाकट्याने लाल खडा आणला होता. घरी आल्यावर सापडला, तेव्हा आम्ही माफीचं पत्र लिहून पोस्टाने परत पाठवला.

पाणी माणशी तासाला एक लिटर धर. सकाळी लवकर निघा. तोंडावर माश्या घोंगावतात, म्हणून टोपीवर घालायच्या जाळ्या घे. मुलं त्यांशिवाय रडकुंडीला येतात.

ॲलिस स्प्रिंग्जहून गाडीने जाणार असाल, तर अंतर जवळजवळ साडेचारशे किलोमीटर आहे. मोठ्या पट्ट्यात फोनला रेंज नाही. पेट्रोल पंप दिसला की टाकी भरा. वाटेत डावीकडे सपाट माथ्याचा मोठा डोंगर दिसला की मुलं "आलं, आलं" म्हणून ओरडतील. तो माउंट कॉनर, उलुरू अजून पुढे आहे.

एवढं मात्र माझं ऐकाच: अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. कांगारू आणि रानटी उंट रस्त्यावर येतात. सूर्यास्ताआधी युलारात, म्हणजे मुक्कामाच्या गावी पोचा, आणि पोचल्यावर मला फोन कर.

सासूबाईंना नमस्कार, मुलांना पापा.

तुझी,
मावशी