गप्प बसलेला टॉमकॅट

ज्या मशीनवर माझं दिवसभर काम चालतं ते मी कधी पाहिलेलं नाही. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ साली सुरू झालं आणि आमचे बरेचसे सर्व्हर तिथे गेले. पुण्याहून मुंबई ती केवढी लांब! पण त्या इमारतीत मला कुणी सोडणार नाही आणि गेलो तरी काही कळणार नाही. माझ्यापर्यंत पोचतात त्या फक्त टर्मिनलवर उमटणाऱ्या ओळी. म्हणून क्लाउडवरच्या लिनक्सवर टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर बसवणं हे माझ्या लेखी मुख्यतः वाचायचं काम आहे.

टाइप करायचं असतं ते थोडंच. जावा टाका, टॉमकॅट उतरवा, चेकसम जुळवा, त्याच्यासाठी वेगळा युजर करा. आवृत्ती मात्र आधी बघून घ्यावी: टॉमकॅट ९ ला जावा ८ पुरतं, १०.१ ला ११ लागतं, ११ ला १७. शिवाय १० पासून ‘जावाएक्स’ची पॅकेजं ‘जकार्ता’ झाली, त्यामुळे जुनं ॲप्लिकेशन त्यावर जसंच्या तसं चालत नाही.

मग ब्राउझरमध्ये पत्ता आणि पुढे ८०८० टाकायचं. पान येत नाही. टीममध्ये नवीन आलेली मुलं इथे लगेच कॉन्फिग फाइल उघडतात.

“थांब. एरर काय आलीय?”

“सर, पेजच येत नाहीये.”

“येत नाहीये म्हणजे नेमकं कसं?”

या ‘कसं’मध्येच बहुतेक उत्तर असतं. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आलं तर निरोप बहुधा सोसायटीच्या गेटवरच अडलाय: सिक्युरिटी ग्रुपमध्ये पोर्ट उघडलेलं नाही, आणि तिथला वॉचमन ‘नाही’ असंही म्हणत नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर आपण दारापर्यंत पोचलो, पण आत कुणी नाही. टॉमकॅट सुरूच झालेला नाही, किंवा एक जीबी रॅमच्या मशीनवर मेमरी संपली आणि कर्नलने त्याला मारलं. ते कर्नलच्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं.

तिसरा प्रकार मला सगळ्यांत जास्त शिकवून गेला. कनेक्शन लागतं, पण पान फिरत राहतं. प्रोसेस जिवंत, पोर्ट उघडं, सीपीयू शांत. लॉगमध्ये ॲप्लिकेशन डिप्लॉय करत असल्याची ओळ येते आणि पुढे मिनिटामागून मिनिटं काहीच नाही. टॉमकॅट पोर्ट आधी धरतो आणि ॲप्लिकेशन नंतर चढवतो, म्हणून हे असं दिसतं. अशा वेळी रीस्टार्ट करण्याचा मोह आवरून थ्रेड डंप घ्यावा. त्यात मुख्य थ्रेड ‘सिक्युअर रँडम’च्या आत, यादृच्छिक बाइट्स वाचण्याच्या ओळीवर अडकलेला सापडतो. प्रत्येक वापरकर्त्याचा सेशन आयडी कुणाला ओळखता येऊ नये म्हणून टॉमकॅटला अस्सल बेभरवशाचे आकडे लागतात. लिनक्स ते कीबोर्ड, माउस, डिस्कच्या हालचालींतून गोळा करतो. नुकत्याच जन्मलेल्या व्हर्च्युअल मशीनकडे ना कीबोर्ड, ना माउस. जुन्या कर्नलवर मग ‘डेव्ह रँडम’ थांबवूनच ठेवायचा. जावाला ‘यूरँडम’कडे वळवलं की सुटायचं. २०२० च्या ५.६ कर्नलपासून मशीन एकदा सुरू झाल्यावर हे अडणं उरलं नाही, पण जुनी मशीन अजून भेटतात. बिघाड वाटणारी ती शांतता म्हणजे खरं तर सर्व्हरने परक्या माणसांच्या लॉगिनची घेतलेली काळजी असते. मला याचं आजही अप्रूप वाटतं.

म्हणूनच ‘परमिशन डिनाइड’ दिसताच सरसकट ७७७ देणं, किंवा टॉमकॅट रूट म्हणून चालवणं, मला अजिबात सहन होत नाही. १०२४ च्या खालची पोर्टं रूटसाठी राखीव असण्यामागे विचार आहे; ८० आणि ४४३ साठी पुढे एन्जिनएक्स ठेवावा. २०२० मध्येच ‘घोस्टकॅट’ नावाची त्रुटी उघड झाली. एजेपीचं ८००९ हे पोर्ट तोवर मुळातच चालू यायचं, आणि ते बाहेरच्यांना खुलं असेल तर ॲप्लिकेशनच्या आतल्या फाइली वाचता येत होत्या. ज्यांनी सिक्युरिटी ग्रुपमध्ये गरजेपुरतीच पोर्टं उघडली होती, त्यांच्या मशीनच्या या पोर्टपर्यंत बाहेरचं कुणी पोचलंच नसतं.

सगळं चालू दिसलं तरी मी मशीन एकदा रीबूट करतो आणि हात लावत नाही. सिस्टमडीने टॉमकॅट आपोआप उठवला आणि लॉगमध्ये ‘सर्व्हर स्टार्टअप इन’ ही ओळ आली, की मग पत्ता पुढच्या टीमला देतो. सोबत एवढं आवर्जून सांगतो की लॉगमधली वेळ यूटीसी आहे, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी अकराची तक्रार साडेपाचच्या ओळींत शोधा.