उजव्या हाताची सही

"राहू द्या हो, मी करते." आमच्या सांगलीच्या घरात हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा ऐकू यायचं. कधी आई म्हणायची, कधी वहिनी. आणि आम्ही दोघी-तिघं कमी पडू नये म्हणून मी अमेरिकेतून पैसे पाठवून चोवीस तासांचा माणूस ठेवला होता. लांब राहणारा मुलगा आणखी काय करणार?

ऑगस्ट २०१५ मध्ये नानांना अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवा हात आणि पाय गेला. पाय बराच सुधारला, काठी घेऊन ते चालू लागले. हात मात्र मांडीवर परक्यासारखा पडून असायचा. गंमत अशी, की फिजिओथेरपीच्या बाई आल्या की बोटं थोडी हलायची. बाई गेल्या की हात पुन्हा मांडीवर.

नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता. तिथे नानांना अंगठा उठवावा लागला. तीस वर्षं हायस्कूलात मराठी शिकवलेला माणूस! रात्री फोनवर एवढंच म्हणाले, "अंगठेबहाद्दर झालो रे." त्या रात्री मला झोप लागली नाही. उठून लॅपटॉप उघडला आणि वाचत बसलो. तेव्हा एडवर्ड टाउब हे नाव भेटलं.

टाउब हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. माकडाच्या एका हाताच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसा कापल्या, तर हालचालीच्या नसा शाबूत असूनही माकड तो हात वापरत नाही. पण चांगला हात बांधून ठेवला, की 'निकामी' हात कामाला लागतो! टाउब यांनी अर्थ लावला तो असा: सुरुवातीला हात खरंच चालत नाही, प्रयत्न फसतात, दुसऱ्या हातानं काम भागतं. पुढे सुधारणेला वाव निर्माण होतो, तोपर्यंत न वापरण्याची सवय पक्की झालेली असते.

या प्रयोगांचा इतिहास सरळ नाही. १९८१ साली मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या त्यांच्या प्रयोगशाळेवर पोलिसांचा छापा पडला. प्राण्यांच्या छळाचे आरोप झाले, खटला चालला. अखेर वरच्या कोर्टात शिक्षा टिकली नाही, पण त्या माकडांबद्दल वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं. पुढे बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठात टाउब यांनी याच तत्त्वावर माणसांसाठी उपचार उभा केला. चांगल्या हातावर जाड मोजा, जागेपणीचा ९० टक्के वेळ, दोन आठवडे. त्यातले कामाचे दहा दिवस दुबळ्या हाताचा रोज सहा तासांपर्यंत सराव. २००६ मध्ये सात केंद्रांतल्या २२२ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांपेक्षा या रुग्णांचे हात जास्त सुधारले, आणि तो फायदा वर्षभरानंतरही टिकून होता.

जानेवारी २०१६ मध्ये तीन आठवड्यांची रजा काढून मी सांगलीला गेलो. फिजिओथेरपीच्या बाईंशी बोललो. त्यांनी आधी बजावलं, "हे सगळ्यांना लागू पडत नाही. मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता आली पाहिजेत." नानांना ती उचलता येत होती. वय पाहून बाईंनी वेळ रोज दोन तासांवर आणला, आणि चालताना मोजा काढायचाच, अशी सक्त ताकीद दिली. आईनं जुन्या गोधडीच्या कापडाचा मोजा शिवला.

मग सुरू झाली शाळा. एका वाटीतले हरभरे दुसऱ्या वाटीत. दोरीवरचे चिमटे काढायचे. वर्तमानपत्राचं पान उलटायचं. पाटीवर खडूनं रेघ ओढायची. चौथ्या दिवशी पोहे खाताना निम्मे अंगावर सांडले. आई पदरानं डोळे पुसत आत निघून गेली. नाना कडाडले, "मी काय बालवाडीत आहे?" मीही चिडून म्हणालो, "तुमच्या वर्गात तुम्ही कधी पोरांचे निबंध लिहून दिलेत का?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग मुकाट्यानं चमचा उचलला.

खरं सांगतो, सराव नानांचा होता, पण परीक्षा आमची होती. समोरचा माणूस धडपडतोय आणि आपण हात पुढे करायचा नाही, हे सेवेपेक्षा कितीतरी अवघड. चोवीस तासांच्या माणसाला आम्ही फक्त रात्रीचं ठेवलं.

चमत्कार झाला नाही. शर्टाची वरची गुंडी आजही त्यांना जमत नाही. पण कप धरता येतो, दार उघडता येतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नानांनी बँकेत सही केली. ती जुन्या सहीशी जुळेना, म्हणून कारकुनानं अंगठाही घेतला. रात्री फोनवर नाना म्हणाले, "अंगठा दिला रे, पण सही आधी केली!"

मंडळी, आपल्यापैकी अनेकांचे आईवडील तिकडे आहेत. काही झालं की आपण पैसे पाठवतो, माणूस ठेवतो, आणि मनाला थोडं बरं वाटतं. ते जरूर करावं. पण त्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: यातलं त्यांचं त्यांना काय करू द्यायचं?