चाँद एकच, नववर्षं निराळी

चिनी नववर्षाच्या पहिल्या दिवशी घरात झाडू मारत नाहीत. मारला तर नव्या वर्षाची बरकत कचऱ्याबरोबर बाहेर जाते, असा तिथला समज. त्यामुळे सगळी झाडलोट आदल्या दिवसापर्यंत उरकून घेतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला दादी आठवली. मगरिबची अजान झाली की आमच्या घरात झाडूला हात लावायची कुणाची हिंमत नसे. शेजारच्या काकू म्हणायच्या लक्ष्मी जाते, दादी म्हणायची बरकत जाते. तेव्हापासून या सणाबद्दल मिळेल ते मी वाचत आले आहे.

चिनी महिना अमावस्येला सुरू होतो, आपला चाँद दिसल्यावर. म्हणजे त्यांच्या नववर्षामागोमाग एक-दोन दिवसांत आपलाही कुठला ना कुठला महिना लागतोच. २०२६ साली तो योग रमजानचा. १७ फेब्रुवारीला त्यांचं घोड्याचं वर्ष लागतं आणि पाठोपाठ आपले रोजे. फरक एवढाच, की ते दोन-तीन वर्षांनी अधिक महिना धरून ऋतूंशी मेळ घालतात, म्हणून त्यांचं नववर्ष जानेवारीअखेर ते फेब्रुवारीतच येतं. आपलं हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, ते सगळ्या ऋतूंतून फिरत राहतं.

त्यांच्या समजुती मोठ्या गमतीच्या आहेत. चुलीचा देव वर्षाच्या शेवटी स्वर्गात जाऊन घरातल्यांच्या वागण्याचा अहवाल देतो, म्हणून जाण्याआधी त्याच्या तसबिरीच्या ओठांना चिकट गोड पदार्थ लावतात. तोंड गोड झालं तर तो गोड बोलेल, नाहीतर निदान तोंड चिकटून तरी बसेल! वर्षअखेरच्या रात्रीच्या जेवणात मासा हवाच, कारण ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ या दोन्ही शब्दांचा उच्चार चिनीत ‘यू’. मुलांना लाल पाकिटातून पैसे मिळतात, आपल्या ईदीसारखे. जुनी देणी शक्यतो वर्ष संपण्याआधी फेडायची. ही शेवटची चाल मला सगळ्यांत आवडते.

आता कुणी विचारेल, मुसलमानाने या शकुन-अपशकुनांचं कौतुक का करावं? प्रश्न रास्त आहे. अपशकुन मानू नये ही आपली शिकवण. चांगला शब्द ऐकणं मात्र पैगंबरांना आवडे. पण आधी आपल्या घरात पाहू. सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस ‘तेरा तेजी’ म्हणून जड मानणारे, त्या दिवसांत अंडी आणि हरभरे सदका म्हणून देणारे आपल्यातच आहेत, सफरमध्ये अशुभ काही नाही असं हदीस सांगत असूनही. दुसऱ्याच्या भाबडेपणाला हसण्याआधी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरा सवाल जास्त टोचणारा आहे. ज्या चीनमध्ये उइगुर मुसलमानांच्या रोजांवर आणि मशिदींवर बंधनं आली, त्या चीनचा सण कशाला? माझं उत्तर असं, की सण लोकांचा असतो, बंदी सरकारची असते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६७ साली, चीनच्या सरकारने आपल्याच लोकांची नववर्षाची सुट्टी रद्द केली. जुन्या रूढी मोडायच्या, असं कारण दिलं. ती सुट्टी परत मिळायला १९८० उजाडलं.

योगायोग पाहा. त्याच १९६७ साली इंडोनेशियात सुहार्तो यांनी तिथल्या चिनी वंशाच्या लोकांना आपले सण उघड्यावर साजरे करायला मनाई केली. एक सरकार कम्युनिस्ट, दुसरं कम्युनिस्टांचं हाडवैरी, आणि दोघांनाही एकाच सणाची अडचण! इंडोनेशियात तीसहून अधिक वर्षं लाल कंदील आणि सिंहनाच रस्त्यावरून गायब झाले. नववर्ष दाराआड आलं.

ही बंदी उठवली ती एका आलिमने. अब्दुर्रहमान वाहिद, लोकांचे गुस दुर. नहदतुल उलमा या तिथल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनेचे ते दीर्घकाळ प्रमुख होते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २००० साली त्यांनी तो हुकूम रद्द केला. २००३ पासून त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशात गुस दुर यांचा ईमान त्यामुळे तसूभर कमी झाला नाही. चिनी समाज मात्र आजही त्यांचं नाव आदराने घेतो.

हे मी मुद्दाम सांगते. दुसऱ्यांच्या सणाच्या शुभेच्छा दिल्या तर ईमान जातं, असे निरोप दर सणाला मोबाईलवर फिरतात. आणि ते फिरवणारेच आपल्या नमाजला, आपल्या जुलूसला कुणी हरकत घेतली की हळहळतात. आपण अल्पसंख्य आहोत. सण दाराआड साजरा करावा लागणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. जे आपल्याला इथे हवं, ते दुसऱ्याला तिथे मिळू देणं, एवढाच गुस दुर यांचा हिशेब होता. चुलीच्या देवावर त्यांनी विश्वास ठेवला नाही, तशी कुणी मागणीही केली नव्हती. त्यांनी फक्त रस्ता मोकळा करून दिला.