पोळा, पांदण आणि पॉलिसी

नोकरीनिमित्त नागपुरात येऊन मला तीन वर्षे झाली, तरी यवतमाळ जिल्ह्यातला पोळा काही पाहिला नव्हता. आत्येभाऊ दर वर्षी आग्रह करी. शेवटी गेल्या श्रावणी अमावास्येला सौ. आणि चिरंजीव यांना मोटारीत घालून आम्ही निघालो.

देवळीच्या पुढे वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. दोन्ही अंगांना कपाशी, मधून तुरीच्या ओळी, आणि त्यांच्याखाली ती प्रसिद्ध काळी माती. कळंबला थांबून चिंतामणीचे दर्शन घेतले. इथला गणपती जमिनीच्या पातळीखाली बसलेला आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. सौ. म्हणाल्या, "विघ्नहर्त्याला सांगून निघालो, आता काळजी नाही." विघ्नहर्ता मोठा खरा, पण चाक माझ्या हातात होते.

आत्येभावाचे गाव सडकेपासून आत. डांबरी रस्त्याने गेले तर मोठा वळसा, पांदणीने गेले तर जवळ. पांदण म्हणजे दोन शेतांमधून गेलेली गावाची वहिवाटीची वाट. तिच्या तोंडाशी एक वृद्ध शेतकरी बैल धूत होते. मोटार वळताना पाहून ते म्हणाले, "भाऊ, भोवत्यानं जा जी. नाल्याले पाणी आहे. बैलाले समजते ते तुमच्या गाडीले नाही समजत."

मी हसलो आणि वळलो.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी पिऊन फुगते, हे शाळेत पाठ केले होते. ती चाकाला लाडवासारखी चिकटते, हे त्या दिवशी कळले. मोटार घसरली, बांधाच्या दगडावर दार चेपले, आणि तशीच ती नाल्यात जाऊन उभी राहिली. पाणी बॉनेटपर्यंत आले, इंजिन बंद पडले. "बाबा, एकदा चालू करून बघा ना!" चिरंजीव म्हणाले. मी किल्ली फिरवली. आतून 'खट्' असा आवाज झाला आणि सारे शांत.

ते वृद्ध गृहस्थ मागोमाग आलेच होते. मी बैलजोडीविषयी विचारले तेव्हा त्यांनी जीभ चावली. "आज पोळा हाय. आज त्याइच्या मानेवर जू नाही ठेवत जी." मग गावातून ट्रॅक्टर आला. गोंड्यांनी आणि झुलींनी सजलेले बैल तोरणाखाली मानाने उभे होते, आणि त्यांच्या समोरून आमची मोटार दोरखंडाने ओढली जात होती. साऱ्या गावाने ती मिरवणूक पाहिली.

रात्री पुरणपोळी खाताना खरा प्रश्न निघाला. विम्याच्या अर्जात लिहायचे काय? शेजारच्या एका हुशार तरुणाने सल्ला दिला, "डांबरी सडकेवर पुलावरून पाणी होतं, असं लिहा. पांदण म्हटलं की पैसे बुडाले!" मीही डळमळलो. आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, "अरे, साऱ्या गावानं पाहिलं. उद्या त्या म्हाताऱ्याला कोणी विचारलं तर त्यानं तुझ्यासाठी खोटं बोलायचं का?"

मी खरे लिहिले.

पाहणीला आलेल्या सर्व्हेअरनी मला चांगलेच शहाणे केले. माझ्या पॉलिसीत पांदणीला बंदी नव्हतीच! बंदी होती ती शर्यतीला, वेगाच्या चाचण्यांना आणि भाड्याने माणसे नेण्याला. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला तिऱ्हाइताचा विमा 'सार्वजनिक जागे'साठी आहे, आणि लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली कोणतीही वाट त्या व्याख्येत बसते. म्हणजे पांदणीत कुणाला इजा झाली असती, तरी वाट कच्ची म्हणून हात वर करता आले नसते. खोटे लिहिले असते, तर मात्र मिळायचे तेही गेले असते.

दाराचे पैसे मिळाले, नियमाप्रमाणे घसारा आणि माझ्या वाट्याची ठराविक रक्कम वजा करून. ओढून नेण्याचे मिळाले १५०० रुपये, त्याहून अधिक पॉलिसी देत नव्हती. इंजिनाचे मात्र काहीच नाही. पाणी शिरले हा अपघात, पण पाणी शिरल्यावर किल्ली फिरवल्याने झालेली मोडतोड साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी इंजिनाचे वेगळे जोडसंरक्षण घ्यावे लागते, आणि ते मी चार पैसे वाचवायला नाकारले होते.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. चिरंजीव गावातल्या पोरांबरोबर लाकडी बैल ओढत हिंडत होते. वाटेत ते वृद्ध शेतकरी भेटले. मी झाले ते कबूल केले. ते लाकडी बैलाकडे बोट दाखवून हसले, "हा बरा जी. चिखलात जात नाही."

यंदाही पोळ्याला गेलो. वळशाच्या रस्त्याने.