आज आवतन घ्या

माणूस एकदाच जन्मतो आणि म्हणून त्याला वाढदिवसही एकच असतो, अशी माझी भाबडी समजूत होती. आमच्या सौभाग्यवतीला पंचाहत्तर पुरी झाली तेव्हा ती समजूत गेली. आणि गेली तीही उमरखेडात नव्हे, लंडनमध्ये!

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघे मुलाकडे हॅरोला गेलो होतो. आईचा अमृतमहोत्सव तिथेच करायचा, आणि तोही झोकात बाहेर जेवून, असे चिरंजीवांनी ठरवून टाकले होते. आता लंडनमध्ये बाहेर जेवणे म्हणजे आमच्याकडे लग्न जमविण्याइतका खटाटोप. जागा आधी राखून ठेवा, माणसे किती ते कळवा, कोणाला काय सोसत नाही ते लिहून द्या, आणि नेमल्या वेळेला मुकाट्याने उठा. मुलाने रीजंट स्ट्रीटवरच्या वीरास्वामीचे नाव काढले. ते १९२६ साली उघडले होते. मी स्ट्रँडवरच्या इंडिया क्लबचा हट्ट धरला. कृष्ण मेनन ज्याच्या संस्थापकांत होते, तो हा १९५१ सालचा क्लब १७ सप्टेंबरला कायमचा बंद व्हायचा होता. बंद होणाऱ्या जागी एकदा तरी पान मांडावे, हा माझा मास्तरी मोह!

आमचा वाद ही शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अजी, तिथं पुरण भेटते का?"

आम्ही दोघेही गप्प झालो. तेवढ्यात सुनेने मुद्द्याचा प्रश्न विचारला. "बाबा, पण तारीख कोणती सांगायची?"

पासपोर्टावर १ जून होता, आणि १ जून तर केव्हाच उलटून गेला होता. शिवाय या १ जूनची हकीकत मला चांगली ठाऊक. आमच्या पिढीत पोर शाळेत घातले की गुरुजी त्याच्याकडे एकदा पाहत, अंदाजाने साल ठरवत आणि पुढे १ जून टाकून मोकळे होत. माझ्या हजेरीपटात निम्मा वर्ग त्या दिवशी जन्मलेला असे. खोटे कशाला सांगू, मीही कित्येक मुलांना तो दिवस माझ्या हाताने बहाल केला आहे.

"माझा वाढदिवस पोळ्याचा," ही म्हणाली.

मुलाने फोनमध्ये पाहिले. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे पोळा लांबला होता आणि नेमका आमच्या मुक्कामात सापडला होता: १४ सप्टेंबर, गुरुवार.

ही पोळ्याची, हे मला लग्नापासून माहीत होते. पण त्या दिवशीची पुरती हकीकत मी हॅरोच्या त्या स्वयंपाकघरात प्रथम ऐकली. तिचे माहेर पैनगंगेपलीकडचे, हदगावच्या बाजूचे. १९४८ साली नदीच्या अलीकडे उमरखेड, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थान. आणि पलीकडे निजामाचे राज्य. रझाकारांच्या भीतीने तिची आई, दिवस गेलेली, पूर चढण्याआधी नदी ओलांडून उमरखेडला भावाच्या घरी आली. माणसे आली, बैलजोडी मागे राहिली. पोळ्याला मामाच्या ओसरीत ही जन्मली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १३ सप्टेंबरला, पोलीस अॅक्शन सुरू झाली आणि १७ ला निजाम शरण आला. पण त्या पोळ्याला मात्र घरात पुरण शिजले नि घास भरवायला आपले बैल दारात नव्हते. तिच्या आजीने नैवेद्याचे ताट झाकून ठेवले, ते झाकलेलेच राहिले. बैल पुन्हा कधी मिळालेच नाहीत.

"माय दर पोळ्याले सांगे, तुझ्या दिवशी पाहुणे उपाशी राहिले."

मी मनाशी हिशेब करू लागलो. पन्नासावर पोळे मी हिच्या हातचे पुरण खाल्ले. आधी बैलांचा घास, मग गड्याचे पान, मग आम्हां पुरुषांची पंगत, आणि सर्वांत शेवटी ही. दरसाल तिचा वाढदिवस तिनेच रांधला आणि आम्ही तो बैलांचा सण म्हणून जेवलो. हे मला एकदाही सुचू नये? पोरांच्या जन्मतारखा घालून देणारा मी मास्तर!

वीरास्वामी राहिले, इंडिया क्लबही राहिला. वेंब्लीच्या ईलिंग रोडवरून चणाडाळ, गूळ, जायफळ आणि केळीची पाने आली. प्रश्न उरला तो पाहुण्यांचा.

वॉटफर्डजवळ भक्तिवेदांत मॅनर आहे. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने १९७३ साली ती वास्तू कृष्णभक्तांना दिली. तिथल्या गोशाळेत बैल नुसते पाळत नाहीत, नांगराला आणि गाडीलाही जुंपतात. १३ तारखेला, म्हणजे आमच्याकडच्या खांदशेकणीच्या दिवशी, मुलगा आम्हांला तिथे घेऊन गेला. गावी या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद नि लोणी चोळतात आणि उद्याच्या जेवणाचे निमंत्रण देतात. आमची शेवटची जोडी विकल्याला बारा वर्षे झाली होती, तेव्हा ते शब्दही घरात ऐकू येईनासे झाले होते. कुंपणाशी ही बराच वेळ उभी राहिली. मग पदर सावरून त्या गोऱ्या मुलखातल्या बैलांना हळूच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

दुसऱ्या दिवशी हिला स्वयंपाकघरात मज्जाव होता. पुरण मी घाटले. सुनेच्या पोळ्या साधल्या, माझ्या फुटल्या. पण वऱ्हाडात पोळी हे पुरणाचे केवळ निमित्त असते, आणि वर तुपाची धार धरली की फुटलेले झाकते. कढी, भजी, कुरड्या. पाने मांडून झाली. सहा वर्षांचा नातू दार उघडून रस्त्याकडे पाहत होता.

"आजी, ते बैल येणार ना?"

ही काही बोलली नाही. तेव्हा त्यानेच कणकेच्या गोळ्याचे दोन बैल केले. एकाला शिंगे, दुसऱ्याची विसरला. हिने त्यांच्यापुढे ताट ठेवले, दोघांच्याही तोंडाला पुरण लावले आणि पाटावर बसली. आम्ही सगळे थांबलो होतो. लग्नानंतर प्रथमच पहिला घास तिने घेतला.

"जायफळ जास्त झालं," ती म्हणाली, आणि आणखी एक पोळी मागितली.