बसणे आणि जुळणे

सायकल हे सर्वांत भोळे यंत्र, असे आपण आजवर मानत आलो. तिच्यात लपवाछपवी नाही. काय बिघडले ते डोळ्यांना दिसते आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री पाना-पक्कड घेऊन ते दुरुस्त करतो. एका सायकलीचे पेडल दुसरीला चालते, हा अनुभव आमच्या पिढीने पुष्कळ घेतला. शर्यतीच्या सायकलींवर आलेल्या बिनतारी गिअरांनी मात्र या समजुतीला धक्का दिला आहे.

साध्या गिअरमध्ये हँडलवरची कळ दाबली की पोलादी तार ताणली जाते आणि मागचा डिरेलर साखळीला एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवतो. बिनतारी पद्धतीत तारेची जागा रेडिओ-संदेशाने घेतली. मॅव्हिक या फ्रेंच कंपनीने १९९९ साली असा एक संच आणला होता. परंतु हा प्रकार खऱ्या अर्थाने रुजला तो स्रॅम या अमेरिकन कंपनीने २०१५ मध्ये ‘रेड ईटॅप’ आणल्यानंतर. उजवी कळ दाबली की गिअर जड होतो, डावी दाबली की हलका. दोन्ही एकदम दाबल्या की पुढचा डिरेलर साखळी एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर नेतो.

माझ्या परिचयातील एका तरुणाने पै-पै साठवून हा संच असलेली जुनी सायकल घेतली. पुढे ती पडली आणि मागचा डिरेलर मोडला. एका मित्राने त्याला आपल्याकडचा नवा डिरेलर देऊ केला. तोही स्रॅमचाच, परंतु २०१९ नंतरच्या ‘ईटॅप ॲक्सेस’ पिढीचा. पैसे देण्यापूर्वी त्याने तो बसवून पाहिला आणि संध्याकाळी माझ्याकडे आला. “फादर, बॅटरी बसली, दिवाही लागला. मग हे एकमेकांशी बोलत का नाहीत?”

आम्ही दोघे माहितीपत्रके घेऊन बसलो, तेव्हा उलगडा झाला. दोन्ही पिढ्यांची बॅटरी एकच आहे, चार्जरही एकच. संदेशाची भाषा मात्र वेगळी. जुन्या संचात मागे ११ चक्रे, नव्यात १२. जुन्या कळा नव्या डिरेलरशी जोडल्याच जात नाहीत. बरे, कळाही नव्या घ्याव्यात म्हटले, तर पुढचा डिरेलरही नवाच हवा. त्या रोड संचाची साखळी सपाट पाठीची आणि मोठ्या रोलरची, म्हणून चेनव्हीलही तिला साजेशी हवीत. त्या कॅसेटचे सर्वांत लहान चक्र १० दात्यांचे असल्यामुळे चाकाच्या हबवर एक्सडीआर नावाचा निराळा भाग लागतो. शिवाय गिअरची कळ आणि ब्रेकचा दांडा एकाच अंगात असल्याने ब्रेकही उघडावे लागतात. एका डिरेलरपायी निम्मी सायकल बदलण्याची वेळ!

याउलट, याच ॲक्सेस पिढीत रोडच्या कळा डोंगरी सायकलीच्या ‘ईगल’ डिरेलरशी विनातक्रार जोडल्या जातात. साखळी आणि कॅसेट तेवढी ईगलला चालणारी हवी. म्हणजे दिसायला दूरचे ते जुळतात आणि एका घरातले वाटतात ते जुळत नाहीत. कंपनी बदलली तर प्रश्नच मिटला. शिमानोच्या २०२१ च्या १२ गिअरी ‘ड्युरा-एस’ संचात कळा बिनतारी आहेत, पण दोन्ही डिरेलर सायकलीच्या आतल्या बॅटरीला तारेनेच जोडलेले. स्रॅमच्या कळांचे ते ऐकत नाहीत.

त्या तरुणाने मित्राचा डिरेलर परत केला आणि दोन महिने शोधून ११ गिअरी ईटॅपचाच एक वापरलेला डिरेलर मिळवला. तेवढा काळ सायकल भिंतीला टेकून राहिली. पण साठवलेले पैसे वाचले आणि चांगली चाललेली साखळी, कॅसेट व चेनव्हील अडगळीत गेली नाहीत.

आपल्या घरातील मुले आता अशा सायकली मागू लागली आहेत. त्यांना नाही म्हणण्याचे कारण नाही. मात्र एखादा सुटा भाग घेताना केवळ नाव वाचून किंवा बॅटरी बसते म्हणून भुलू नये. संच कोणत्या पिढीचा, मागे चक्रे किती, हब कोणता, एवढे कागदावर लिहून दुकानात जावे आणि जमल्यास मोबदला देण्यापूर्वी कळ व डिरेलर जोडून पाहावेत. जुन्या मिस्त्रीला कानस मारून भाग बसवता येत असे. रेडिओच्या भाषेला कानस चालत नाही.